एरंडोलच्या बाजारातली टिकली

एरंडोलच्या आठवडे बाजारात टिकली पहिल्यांदा आणली ती धुरपदाबाई भोई यांनी. ही गोष्ट चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमाराची. त्याआधी सुक्या मासळीच्या ओळीत बोंबील, सुकट, वाकटी आणि कधीमधी सोडे एवढंच मिळायचं. टिकली म्हणजे रुपयाच्या नाण्याहून जराशी मोठी, गोल, चपटी, चांदीसारखी चकाकणारी सुकी मासळी. तव्यावर तेलाचं बोट फिरवून परतली की पापडासारखी कुरकुरीत व्हायची. काटा लागत नसे, डोकं काढावं लागत नसे. नावही धुरपदाबाईंनीच ठेवलं. कपाळावरच्या टिकलीसारखी दिसते, म्हणून टिकली.

काही वर्षांनी त्यांनी ती विकणं बंद केलं. शेजारी बसणाऱ्या बायकांना वाटलं, परवडत नसेल. खरं कारण धुरपदाबाईंनी बाजारात कोणाला सांगितलं नाही. त्यांना ते सांगण्याची लाज वाटत होती, आणि पुढे ज्या एका बाईला सांगायलाच हवं होतं, तिलाही त्या ते सांगू शकल्या नाहीत.

धुरपदाबाईंचं माहेर गिरणाकाठचं. बाप आणि चुलते नदीत जाळं टाकत. वर धरण झालं, उन्हाळ्यात नदी तुटक तुटक डोहांची उरली आणि भोयांची निम्मी घरं मासेमारीतून उठली. कोणी वीटभट्टीवर गेलं, कोणी नदीच्या वाळूत खरबुजाचे वेल लावले. धुरपदाबाईंचं लग्न एरंडोलला झालं. नवरा कापसाच्या जिनात हमाल. धुरपदाबाई आधी जळगावच्या ठोक व्यापाऱ्याकडून सुकी मासळी आणून विकत. मग एका नातेवाइणीच्या ओळखीने थेट समुद्रावर जाऊन माल आणू लागल्या.

धरणगावला सुरतेकडची पॅसेंजर पकडायची, उधन्याला गाडी बदलायची आणि डहाणूच्या बाजूला उतरायचं. येताना बोंबलाची पोती संडासाच्या दाराशी रचून त्यावर स्वतः बसायचं, म्हणजे कोणी ती ढकलत नाही. डब्यात तक्रार व्हायचीच. अमळनेरच्या एका गृहस्थाने नाकाला रुमाल लावून म्हटलं होतं, "अक्का, एक तर पोतं उतरेल, नाहीतर आम्ही." धुरपदाबाई म्हणाल्या, "उतरा ना भाऊ. जागा तरी व्हई." सगळा डबा हसला, ते गृहस्थही हसले आणि नवापूरपर्यंत वाकटी कशी करायची ते विचारत आले.

डहाणूच्या खालच्या अंगाला, खाडीच्या तोंडाशी एक कोळीवाडा आहे. तिथे पोशीबाई राहत. नवऱ्याची होडी होती, आणि आलेली मासळी वाळवणं, निवडणं, विकणं हे पोशीबाईंचं काम. बांबूच्या उभ्या-आडव्या काठ्यांवर बोंबील टांगलेले असत. धुरपदाबाई आल्या की त्यांच्या ओसरीवर उतरत, तिथेच जेवत आणि तिथेच झोपत. दोघी साधारण एका वयाच्या. पोशीबाईंना खान्देशी बोली पुरती कळत नसे आणि धुरपदाबाईंना कोळ्यांची, त्यामुळे दोघी जरा जास्तच सावकाश आणि जास्तच बोलत. त्या किनाऱ्यावर धुरपदाबाईंचं दुसरं घर नव्हतं.

टिकली त्यांना त्याच अंगणात दिसली. एका कोपऱ्यात वाळूवर नुसता ढीग टाकलेला. त्यावर कावळे. कोंबड्यांचं खाद्य करणाऱ्याचा टेम्पो येऊन तो उचलून न्यायचा. धुरपदाबाईंनी मूठभर उचलली, वाळू झटकली, एक तोंडात टाकली आणि विचारलं, हे विकत का नाही? पोशीबाई हसल्या. हा डोलीत आपोआप येणारा कुटा, निवडून टाकायचा बारीक माल आहे, म्हणाल्या, हवा तर ने. डोल म्हणजे भरती-ओहोटीच्या ओढीत ताणून बांधलेलं पिशवीसारखं जाळं. वाहत येईल ते त्यात अडकतं.

हा कोणता मासा, असं धुरपदाबाईंनी विचारलं नाही. पोशीबाईंनीही सांगितलं नाही, कारण त्या किनाऱ्यावर ते लहान पोरालाही ठाऊक असतं आणि जे सगळ्यांना ठाऊक असतं ते कोणी सांगत बसत नाही.

धुरपदाबाईंच्या न विचारण्यालाही कारण होतं. समुद्राची मासळी त्यांनी जन्मभर वाळलेलीच पाहिली होती. सुकट बारीक असते, ती बारीकच राहते. मांदेली बोटाएवढी, ती बोटाएवढीच. गिरणेतही काही मासे कधी मोठे होत नाहीत. तेव्हा ही एक लहान जात, एवढंच त्यांनी धरलं. पापलेट हे नाव त्यांनी ऐकलं होतं, पण पाहिलं नव्हतं. पापलेट बर्फात जातं, मुंबईला आणि तिथून परदेशात. वाळून पोत्यात भरून खान्देशात येणाऱ्या मालात ते कधीच नसतं. मोठा मासा समोर नसल्यामुळे लहान मासा कोणाचा आहे, हा प्रश्नच पडला नाही.

एरंडोलच्या बाजारात टिकली पहिल्याच फेरीत संपली. धुरपदाबाईंची हाळी लोकांना पाठ झाली: "टिकली ल्या, काटा नही, कचरा नही, बठ्ठी खावानी," म्हणजे सगळीच्या सगळी खाण्याजोगी. कापूस वेचायला जाणाऱ्या बायका भाकरीबरोबर नेऊ लागल्या. पोरं कोरडीच खात. मग बाळंतिणींचं निघालं. भोयांच्या आणि कोळ्यांच्या घरांत बाळंतिणीला दुधासाठी सुकी मासळी देतात. धुरपदाबाईंनी सांगायला सुरुवात केली की टिकलीसारखी मऊ दुसरी नाही, पोटाला बाधत नाही, दूध उतरतं. हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. विकताना सुचलं आणि खपलं. पुढे म्हाताऱ्या बायका ते परंपरेने चालत आल्यासारखं सुनांना सांगू लागल्या.

त्यांनी पोशीबाईंना निरोप दिला: कुटा टाकू नका, सगळा माझ्यासाठी ठेवा. पोशीबाईंनी वाळूऐवजी चटईवर वाळवायला घेतलं. शेजारणींनी पाहिलं, त्यांनीही घेतलं. मग धुळ्याचे बन्सीलाल आले. हे सुक्या मासळीचे ठोक व्यापारी, मोठ्या पोटाचे, मोठ्या आवाजाचे. शिरपूर-दोंडाईचापर्यंत माल पुरवत. त्यांनी एरंडोलला टिकली पाहिली, कुठून येते ते गोड बोलून काढून घेतलं आणि पुढच्या हंगामात सरळ ट्रक नेला. धुरपदाबाईंना राग आला, पण त्यांची पोशीबाईंकडची जागा बन्सीलालांनी घेतली नाही. धुरपदाबाई नेतील ते नेतील, उरलेलं ट्रकमध्ये, असं ठरून गेलं.

मागणी आली तशी डोलीच्या शेवटच्या भागाची वीण बारीक झाली. पूर्वी त्यातून बारीक माल निसटला तर बरंच वाटे, निवडायचा त्रास वाचे. आता निसटू द्यायचा नव्हता. कोणी बसून तसं ठरवलं नाही. एकाने बारीक जाळं आणलं, दुसऱ्याने पाहिलं.

नव्वदच्या पुढे पोशीबाईंच्या अंगणातल्या काठ्या रिकाम्या दिसू लागल्या. बोंबील आखूड येऊ लागला. पूर्वी कोपरापर्यंत लांबीचा यायचा, तो वीतभर झाला. होड्या सकाळी जाऊन दुपारी येत, त्या दोन-दोन दिवस बाहेर राहू लागल्या आणि डिझेल जाळून अर्ध्या रिकाम्या येऊ लागल्या. खाडीच्या वरच्या अंगाला कारखाने झाले होते. ओहोटीला पाणी पिवळसर दिसायचं आणि काठाच्या चिखलातले खेकडे कमी झाले होते. बाहेर खोल पाण्यात मोठ्या बोटी तळ खरवडून नेत. पोशीबाई हे सगळं सांगत आणि धुरपदाबाई मान हलवत. गिरणेचं त्यांनी पाहिलं होतं, त्यामुळे पाणी आटतं, मासा जातो, हे त्यांना नवीन नव्हतं. यात आपला हात आहे असं त्यांच्या मनातही आलं नाही.

त्र्याण्णवच्या थंडीत पोशीबाईंच्या मुलीचं लग्न निघालं. धुरपदाबाईंना आमंत्रण होतं. पोशीबाईंसाठी लुगडं आणि भरतासाठी जळगावची मोठी हिरवी वांगी टोपलीत घेऊन त्या गेल्या. त्यांना घरच्या बायकांच्या पंगतीत बसवलं. खान्देशची व्याहीण म्हणून कोणी थट्टा केली. मग पानात तळलेला अख्खा मासा आला, ताटभर रुंद, गोल, चपटा. धुरपदाबाईंनी तो बोटाने उलटून पाहिला. तीच कड, तोच दुभंगलेला शेपटीचा आकार. त्यांना मौज वाटली आणि त्या मोठ्याने म्हणाल्या, "इतली मोठी टिकली. एकच बठ्ठा बजारले पुरी जाई."

टिकली म्हणजे काय हे तिथे आता सगळ्यांना माहीत होतं. काही मुली हसल्या. पोशीबाईंच्या सासूबाई समोरच बसल्या होत्या. फार म्हाताऱ्या, डोळ्यांना कमी दिसायचं. त्यांनी घास चावून संपवला आणि न रागावता म्हणाल्या, "टिकलीच हाय ती, बाय. नेली नाय तर एवढी होते."

हसणं थांबलं. पोशीबाईंनी घाईने धुरपदाबाईंच्या पानात भात वाढला, नको म्हणत असताना वाढला. धुरपदाबाईंनी तो मासा खाल्ला. पाहुणीने पानात टाकणं बरं दिसलं नसतं. चव कशी होती ते त्यांना आठवत नाही.

हात धुवायला त्या मागच्या दारी गेल्या, तिथे लाकडी खोकी पडली होती. आत वितळता बर्फ आणि भुसा. बाहेरून विकत आणलेल्या मासळीची खोकी. ज्या घराने पिढ्यान् पिढ्या पापलेट मुंबईला पाठवलं, त्या घराने लग्नासाठी पापलेट गुजरातच्या व्यापाऱ्याकडून घेतलं होतं. पोशीबाईंनी ते पाहुण्यांना कळू दिलं नव्हतं. धुरपदाबाईंना खोक्यांजवळ उभ्या पाहून त्यांनी फक्त पोरांना ती उचलायला सांगितली आणि नजर वळवली. त्या दिवशी त्या अंगणात दोघींना लाज वाटत होती आणि दोघींनी एकमेकींना ते सांगितलं नाही.

टिकलीची पोती आधीच बांधून ठेवलेली होती. ती नाकारायची तर कारण सांगावं लागलं असतं, तेही लग्नघरात. धुरपदाबाईंनी ती उचलली. परतीच्या गाडीत त्या पोत्यांवर बसल्या नाहीत, दारात उभ्या राहिल्या. एरंडोलला आणून ती त्यांनी विकलीही. फक्त हाळी दिली नाही. गिऱ्हाइकं हाळीशिवायही आली.

घरी सून बेबाबाई नुकतीच बाळंत झाली होती. रोज सकाळी तिला भाकरी आणि टिकली. धुरपदाबाई स्वतः परतून देत. आता त्या तवा चुलीवर ठेवत आणि दुसऱ्या कामाला उठत. सुनेला वाटलं, सासूबाईंचं आपल्यावरचं मन उडालं. मुलगी झाली म्हणून असेल. तिने नवऱ्याकडे रडून दाखवलं. तो आईवर ओरडला. धुरपदाबाई ऐकून घेत राहिल्या. मुलीचा जन्म नव्हे, भाकरीबरोबरचा मासा, हे कारण सांगितलं असतं तर घर हसलं असतं, आणि हसण्याला त्या आता भीत होत्या.

शेवटी त्यांनी ते सांगितलं माहेरी, भावाला. जीवराम अजून गिरणेच्या डोहात जाळं टाकायचे. पोटापुरते मासे मिळत. बहिणीचं बोलणं त्यांनी जाळं विणता विणता ऐकलं. मग म्हणाले, "अक्का, तू भोईनी पोर शे."

एवढंच. त्यांच्या घरात याचा अर्थ समजावून सांगावा लागत नव्हता. उन्हाळ्यात नदी आटू लागली की लहान डबक्यांत माशांची पिल्लं अडकत. भोयांच्या बायका-मुली ती मातीच्या घागरींतून भरून मोठ्या डोहात नेऊन सोडत. घागर खाली ठेवायची नाही, पाणी हिंदकळू द्यायचं नाही, वाटेत कोणाशी बोलायचं नाही. लहानपणी धुरपदाबाईंनी हे काम केलं होतं आणि त्यात त्या हुशार होत्या. त्यांच्या घागरीतलं पिल्लू मरत नाही, असं बाप पाहुण्यांना सांगत असे. नदीतलं पिल्लू त्यांनी अंधारातही ओळखलं असतं. समुद्राचं पिल्लू त्यांच्यासमोर मीठ लागून, डोळे सुकून, मेल्यावर आलं, आणि त्यांनी त्याला नाव ठेवून विकलं.

जीवराम नंतर म्हणाले की तुला माहीत नव्हतं, त्यात तुझा दोष नाही. भाऊ म्हणून म्हणाले. धुरपदाबाईंनी ते मानलं नाही. दहा वर्षं मी त्या ओसरीवर झोपले आणि एकदा विचारलं नाही, हे त्यांचं उत्तर होतं.

टिकली सोडायची हे त्यांनी तिथेच ठरवलं. ते सोपं होतं. बाजारात बोंबील होता, सुकट होती. अवघड होतं ते पोशीबाईंना सांगणं. काठ्या रिकाम्या झाल्यापासून पोशीबाईंच्या घरात मुख्य कमाई टिकलीचीच उरली होती, आणि धुरपदाबाई बन्सीलालांपेक्षा बरा भाव देत. पिल्लं आहेत म्हणून घेत नाही, असं म्हणायचं, तर ती पिल्लं निवडणाऱ्या बाईला तिच्याच दारात नावं ठेवल्यासारखं होतं. आणि हा धंदा त्या दारात आणला कोणी, तर स्वतः धुरपदाबाईंनी.

चौऱ्याण्णवच्या पावसाळ्यानंतर हंगाम सुरू झाला तेव्हा त्या गेल्या. गाडीत त्यांनी वाक्य जुळवून ठेवलं होतं. ओसरीवर चहा झाला, लग्न झालेल्या मुलीची चौकशी झाली. मग चटईवरच्या टिकलीकडे न पाहता त्या म्हणाल्या की यंदा टिकली नको, आमच्याकडे आता कोणी खात नाही. लोकांची आवड बदलली. मी काय करू?

पोशीबाईंनी रिकामे कप उचलले. मग म्हणाल्या, असं होय. खाण्याची आवड बदलते खरी. त्यांनी विश्वास ठेवला, आणि धुरपदाबाईंना सुटल्यासारखं वाटलं. ते सुटणं दुपारपर्यंत टिकलं.

दुपारी बन्सीलालांचा ट्रक आला. एरवी ते माणसं पाठवत; त्या दिवशी स्वतः आले. धुरपदाबाईंना पाहून त्यांनी ट्रकजवळूनच हात जोडले. "अरे, आमची टिकलीवाली अक्का इथेच. पोशीबाई, हिला नीट ओळखून ठेवा. धुळ्यात, शिरपुरात, साक्रीत, जिथे जावं तिथे हिने ठेवलेलं नाव. लोक दुसरं काही मागत नाहीत, टिकली द्या म्हणतात. यंदा तर पुरत नाहीये." मग आवाज खाली आणून थट्टेने म्हणाले, "अक्का, एरंडोलला तुम्ही हात आखडता घेतला म्हणे. आमच्यासाठी मैदान मोकळं केलं का?"

त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. ते मोजणीला ट्रकच्या मागे गेले.

पोशीबाई चटईवरून माल टोपलीत भरत होत्या. त्या थांबल्या नाहीत. धुरपदाबाईंनी काहीतरी बोलायला सुरुवात केली: एरंडोलला खपत नाही, धुळ्याचं वेगळं आहे. वाक्य अर्ध्यात राहिलं.

"खोटं कशाला बोललीस?" पोशीबाई म्हणाल्या. "लग्नात सासूबाईंनी तुला म्हटलं, त्या दिवसापासून तुझ्या मनात हाय. मला कलत नाय काय? लाज वाटते म्हनाली असतीस तर मी तुला काय बोलली असती?" त्यांनी टोपलीतला माल हाताने सारखा केला. "मी तर रोज निवडते. मला वाटत नसल?"

पिल्लं विकल्याची लाज धुरपदाबाई घेऊन आल्या होत्या, त्यावर आता ही दुसरी बसली, आणि ही जास्त जवळची होती. जिच्या ओसरीवर त्या झोपल्या, तिला त्यांनी गिऱ्हाइकासारखं गुंडाळलं होतं.

टोपली भरली. ती डोक्यावर घ्यायला दुसरं माणूस लागतं. पोशीबाईंचा नवरा होडीवर होता, मुलगी सासरी, सासूबाई आत झोपलेल्या. पोशीबाईंनी डोक्यावर चुंबळ ठेवली, टोपलीशी बसल्या आणि वर पाहिलं.

"हात दे," त्या म्हणाल्या.

धुरपदाबाईंनी टोपलीची दुसरी कड धरली आणि टिकली पोशीबाईंच्या डोक्यावर चढवली. मग ट्रकपर्यंत बरोबर चालत गेल्या, उतरवायला हात लागतो म्हणून. बन्सीलालांनी दोघींनाही शाबासकी दिली. चटईवर जेवढा माल होता, तेवढ्या फेऱ्या झाल्या.